कळकू नये म्हणून

माझी खोली सराफ बाजाराच्या मागच्या बोळात,
खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान,
वर दोन खुर्च्या, जरा तिरक्या मांडलेल्या.
बोलणाऱ्याला खिडकीतून कबुतरं दिसावीत
आणि मला त्याचे हात.

लोक विचारतात, तुम्ही नेमकं करता काय?
गोळी देत नाही, अंगारा देत नाही,
पत्रिका बघत नाही, वर तासाचे पैसे घेता,
तेही पन्नास मिनिटांच्या तासाचे.
खरंय.
मी विचारते, "पुढे?"
कधी कधी तेवढंही विचारत नाही.

अरिंगळे काका नोटांच्या छापखान्यातून निवृत्त.
एकतीस वर्षं कोऱ्या करकरीत नोटांतल्या चुका शोधल्या:
शाई फिस्कटलेली, आकडा सरकलेला, कड तिरकी.
आता घरात सुनेची पोळी, नातवाचं अक्षर,
बायकोने लावलेलं कुलूपसुद्धा.
"सगळं रद्द करत सुटलोय हो मी,"
पाचव्या खेपेला म्हणाले, हसले,
आणि हसता हसता चष्मा काढला.
सोडून द्यायला शिका, असं काही म्हणाले नाही मी.
विचारलं, चुकलेली असूनही आवडली
अशी एखादी नोट?
खाली कुणीतरी हंडा वाजवून पाहत होतं.
बराच वेळ.
"होती एक," म्हणाले, "आकडाच पडला नव्हता तिच्यावर.
नुसती नक्षी. धरून बसलो होतो हातात,
साहेब येईपर्यंत."

माझे वडील भद्रकालीत कल्हई लावायचे.
भाता, कथील, नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि काळं पातेलं एका फिरकीत चंद्रासारखं.
बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं.
दोष ताकाचा नाही, पितळेचाही नाही, ते म्हणायचे,
मधला थर गेलाय, एवढंच.
एखादी बाई विचारायची, आता कायमची ना?
"वापराल तर झिजेल.
झिजली की आणा परत."

मलाही विचारतात, मी पूर्ण बरा होईन ना?
आणि माझ्या तोंडात वडिलांचं वाक्य येतं.

एकदा चुकले.
हर्षाली, सातपूरच्या कंपनीत पॅकिंगला,
धाकट्या भावाबद्दल सांगत होती,
त्याचा मोबाईल अजून चार्ज करून ठेवते म्हणाली.
मी म्हणाले, "समजू शकते मी."
तिने पर्सची चेन लावली.
पुन्हा आली नाही.
तेव्हापासून ते वाक्य मी वापरत नाही.
मला समजत नाही,
म्हणून तर विचारत बसते.

संध्याकाळी गाडगे महाराज पुलावरून घरी जाताना
खाली रामकुंडावर लांबून आलेली माणसं दिसतात,
हातात लाल फडक्याने बांधलेला कलश.
तिथल्या गुरुजींच्या वह्यांत सात-सात पिढ्यांची नावं.
माझ्या वहीत नावंच नाहीत,
आद्याक्षर, तारीख, आणि कुठे एखादाच शब्द:
जिना.
दुपार.
बाबांचा बेल्ट.
त्या कलशात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं,
म्हणून वाट देतात लोक.
माझ्या जिन्यावरून चढणाऱ्याला
कोण वाट देणार?

माणूस मुळात चांगला असतो की वाईट,
मला नाही सांगता येत.
पण एवढं पाहिलंय, की ऐकणारं कुणी असलं
तर तो स्वतःचंच वाक्य मध्येच थांबवतो
आणि म्हणतो, "नाही, असं नव्हतं झालं."
त्या "नाही"साठी मी रोज दोन जिने चढते,
गुडघे दुखत असूनही.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी देवळालीची बस.
बिवलकर बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या,
डाव्या कानाने ऐकू येत नाही,
म्हणून उजवीकडे बसवून घेतात.
तिथे मी बोलणारी.
खिडकीत कबुतरं नाहीत, कपड्यांची रिकामी दोरी आहे.
मी पर्सशी चाळा करत
त्या चेनच्या आवाजापासून पुन्हा सुरुवात करते.
बाई उजवा कान जरा पुढे आणतात.
"पुढे?"